बर्फाचा रंग सावलीत शोधा
फोटोवरून रंगवलेला बर्फ सपाट, खडूसारखा दिसतो, ही चित्रकारांची तक्रार अगदी रास्त आहे. कॅमेरा बर्फातल्या सावल्या बऱ्याचदा राखाडी करून टाकतो. प्रत्यक्षात निरभ्र दिवशी त्या स्वच्छ निळ्या असतात, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पोचतो. सूर्य खाली आला की उन्हातला भाग पिवळसर-गुलाबी होतो आणि सावल्यांचा निळा आणखी खुलतो. म्हणून प्रवासात फोटो काढाच, पण शेजारी रंगांच्या चार ओळी तरी वहीत टिपून ठेवा.

कॅनडाचे चित्रकार लॉरेन हॅरिस 1930 मध्ये आर्क्टिकला गेले, तेव्हा त्यांनी लहान फळ्यांवर तैलरंगात स्केचेस केली आणि मोठे कॅनव्हास नंतर स्टुडिओत रंगवले. मला ही पद्धत फार पटते. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक तर 1928 पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरलाच राहिले. त्यांची टेम्परातली (अंड्याचा बलक किंवा डिंकात कालवलेल्या रंगांतली) हिमशिखरं जरूर पाहा (पांढरा किती कमी वापरलाय!).

जलरंगात काम करत असाल तर सर्वांत उजळ बर्फासाठी कागद कोराच सोडा. नंतर वरून पांढरा रंग लावून ती चमक येत नाही.