चायनीज काढा आणि बीपीची गोळी एकत्र चालते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई माझ्याकडे सिंगापूरला आलीय, बीपी १५०/९५ च्या आसपास, ॲम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी चालू आहे. शेजारच्या चिनी काकू तिला परस्पर त्यांच्या वैद्याकडे घेऊन गेल्या, त्याने दोन्ही हातांची नाडी बघितली, जीभ बघितली, म्हणे लिव्हरचं यांग (चिनी वैद्यकातली उष्ण ऊर्जा) वर चढलंय, मग पायाच्या अंगठ्याजवळ सुया टोचल्या आणि थ्येनमा-कोउथंग या चिनी औषधी वनस्पतींचा काढा दिला. शेवंतीच्या फुलांचा चहा ठीक आहे हो, पण पुडीत ज्येष्ठमधासारख्या पिवळ्या चकत्या दिसतायत आणि ज्येष्ठमधाने तर बीपी वाढतं ना?? आई म्हणते आता गोळी बंद, मी हातच जोडले, गोळी चालूच ठेवलीय. कोणी दोन्ही सोबत घेतलंय का? शुक्रवारी डॉक्टरकडे जातोय, पुडी दाखवून अजून काय काय विचारू?