पांढराफटक वाणी किडा सापडलाय, हा अल्बिनो असेल का?

फणसवाडी
काल परसातला कुजका ओंडका उलथला. खाली मातीत लिंबाएवढी पोकळी, आतून सारवल्यासारखी गुळगुळीत. तीत एक वाणी वेटोळं घालून पडलेला. ताज्या खोबऱ्यासारखा पांढरा, पाय भिजवलेल्या शेवयांसारखे, आरपार दिसणारे. आमच्याकडे पावसात भिंतीवर चढतात ते सगळे तांबडे-काळे. बोट लावलं तर इतका मऊ लागला की मी दचकून हात मागे घेतला. एरवी हात लागला की पैशासारखा गोल होतो, हा जेमतेम हलला. लेक म्हणते अल्बिनो आहे, म्हणजे जन्मतःच अंगात रंग नसलेला; शाळेत न्यायचाय. ओली माती घालून बरणीत ठेवलाय. काय करू?

निवृत्त_मास्तर
ताई, आधी एक सांगा: त्या पोकळीत पोपडे किंवा अर्धवट खाल्लेली कात होती का? आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळा ठिपका दिसतोय का?

फणसवाडी
होय! कुरतडलेल्या कागदासारखं काहीतरी त्याच्याजवळ होतं. मी कचरा समजून फेकलं. आणि ठिपके आहेत, अगदी काळे.

निवृत्त_मास्तर
मग तो बहुधा अल्बिनो नाही, त्याने नुकतीच कात टाकलीय. वाणी मातीत खोली करून त्यात कात टाकतो. कातीतून बाहेर येतो तेव्हा असाच पांढरा आणि मऊ असतो. पुढे कवच घट्ट होत जातं तसा रंगही चढत जातो. वाणीच्या कवचात चुना असतो, म्हणून तो आपली कात स्वतःच खातो, त्यातला चुना परत अंगी लागतो. तुम्ही फेकलंत ते त्याचं जेवण होतं. जमल्यास शोधून परत ठेवा.

काळे ठिपके म्हणजे डोळे. सशाच्या अल्बिनोपणात डोळे लाल दिसतात ते आतल्या रक्तामुळे. वाणीत तसलं लाल रक्त नाही, त्यामुळे लाल डोळे शोधत बसू नका. शिवाय किड्यांमध्ये डोळ्यांचा रंग आणि अंगाचा रंग वेगवेगळ्या द्रव्यांचा असू शकतो. १९१० साली अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस मॉर्गन यांना फळमाशीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, त्याचं अंग मात्र नेहमीच्याच रंगाचं होतं. मुलांना हे सांगताना मला दरवर्षी नव्याने आनंद व्हायचा.

खरी परीक्षा एकच, थांबून बघणं. कवच पूर्ण कडक झाल्यावरही पांढराच राहिला तर रंगद्रव्यात फरक आहे असं म्हणता येईल. गुहांत पिढ्यान्‌पिढ्या फिके राहिलेले वाणी असतात, पण ती त्या जातीचीच ठेवण, एकट्यादुकट्याचा दोष नव्हे.

आणि कृपा करून बरणी शाळेत नेऊ नका. या अवस्थेत धक्का लागला तर कवच वाकडं होतं, जीवही जातो. लेकीला ओंडक्याशी घेऊन जा, तिथेच दाखवा.

आइंडहोवनकर
मला इथे नेदरलँड्समध्ये खताच्या डब्याखाली जांभळ्या-निळ्या रंगाचा लाकूडकिडा (वुडलाऊस, ओलसर जागी राहणारा छोटा कवचवाला जीव) दिसला होता. दुर्मिळ रंग म्हणून हरखून गेलो. नंतर कळलं की तो आजारी होता. इरिडोव्हायरस नावाचा विषाणू त्यांच्या शरीरात इतका दाटून बसतो की उजेड निळा परततो, आणि किडा मरतो. तेव्हापासून वेगळा रंग दिसला की मी आधी विचारतो, बाबा रे, बरा आहेस ना?

फणसवाडी
लेकीने रुसूनच बरणी परत नेली. खोली आम्हीच मोडली होती, म्हणून ओंडक्याखाली नवा खळगा केला, कात शोधून ठेवली, वर पालापाचोळा टाकला. आज तिसरा दिवस. तिने एका कडेनं पान उचलून पाहिलं: पाठीवर चहाच्या फिक्या डागासारखा रंग आलाय, पाय अजून पांढरेच. कात अर्धी संपलीय. पान तिनेच हळूच परत ठेवलं.