मदत हवी आहे : चिनी ‘सुभेदार’ आणि अफूबंदी

मंडळी, दिवाळी अंकासाठी छिंग राजवटीच्या शेवटच्या अफूबंदीवर लिहितोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. सप्टेंबर 1906 मध्ये बीजिंगहून फर्मान निघालं : 10 वर्षांत अफू बंद. पण फर्मान काढणं सोपं. शेतातली अफूची रोपं उपटायची ती प्रांतांनी. युन्नान प्रांतात तिथला बडा अधिकारी शिलियांग याने 10 वर्षं थांबायलाच नकार देऊन मुदत अलीकडे ओढली. शान्शीत 1910 मध्ये गावकरी अडून बसले, तर सैन्याने गोळ्या घातल्या. अफूवरचा कर हे तिजोरीचं मोठं उत्पन्न, म्हणजे अधिकारी स्वतःच्याच ताटातली भाकरी काढून घेत होते!

तर, शिलियांगसारख्या एक-दोन प्रांत सांभाळणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणू? ‘राज्यपाल’ म्हटलं की आजचं राजभवन डोळ्यांपुढे येतं. ‘सुभेदार’ मला आवडतो, पण मग त्याच्या हाताखालच्या, एकाच प्रांताच्या प्रमुखाला काय?

दुसरं, 1911 च्या करारात ब्रिटिशांनी मान्य केलं की ज्या प्रांतात लागवड संपली तिथे हिंदुस्थानी अफू जाणार नाही. म्हणजे सिच्वानमधलं शेत साफ झालं की झळ थेट मुंबई बंदराला, कारण माळव्याची अफू इथूनच जहाजावर चढायची. त्या काळातल्या मुंबईच्या अफू व्यापाऱ्यांच्या वह्या किंवा पत्रव्यवहार कुणी चाळलाय का? मराठी किंवा मोडीतलं असेल तर फारच उत्तम. मोडी वाचता येते, जरा अडखळत.