फवाऱ्याची ज्योत पिस्टनला भिडते तेव्हा

प्रश्न (माटुंगा, अभियांत्रिकी विद्यार्थी): डिझेल इंजिनात इंधन फवारण्याचा दाब वाढवला की थेंब बारीक होऊन ज्वलन लवकर आटोपते, मग ज्वलनकक्षाच्या भिंतींतून (सिलिंडर आणि पिस्टनच्या माथ्यातून) जाणारी उष्णता कमी होण्याऐवजी वाढू कशी शकते?

उत्तर १: ज्योतीचे तापमान सुमारे २५०० केल्विन असते आणि पिस्टनचा माथा त्याहून खूपच थंड असतो. दोहोंमध्ये वायूचा जो पातळ, मंद थर असतो, तोच खरा उष्णतारोधक. जास्त दाबामुळे वेगवान झालेली ज्योत भिंतीवर आदळली की हा थर आणखी पातळ होतो आणि उष्णता नेमकी तिथेच झपाट्याने झिरपते. काजळीच्या तप्त कणांचे प्रारण, म्हणजे किरणांवाटे येणारी उष्णता, वेगळेच.

उत्तर २ (भाऊचा धक्का): आमच्या बोटीच्या इंजिनाचा एक नोझल (इंधन फवारणारी तोटी) बिघडून फवारा थेट पिस्टनवर पडत असे, आणि पिस्टन उघडल्यावर त्याच जागी माथा जळालेला दिसला. वर्गात हे कोणी दाखवत नाही!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग भिंतींना सिरॅमिकचा लेप का देत नाहीत?

उत्तर १: १९८० च्या दशकात तसे प्रयोग झाले; परंतु तापलेल्या भिंतींमुळे आत येणारी हवा विरळ होते, आणि वाचलेली बरीचशी उष्णता कामी न येता धुरासोबत बाहेर जाते.