दोन रेणूंपासून सुरुवात

ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या (कार्बनी संयुगांच्या रसायनशास्त्रातल्या) नेम्ड, म्हणजे शोधकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, रिअ‍ॅक्शन्स आधी घोकून घ्या, समज मागाहून येते, हे काहींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मी बी.फार्म.च्या मुलांच्या शिकवण्या घेते. ऑरगॅनिक कसंबसं सुटलेली मुलं मेडिसिनल केमिस्ट्रीला (औषधांच्या रसायनशास्त्राला) येऊन अडखळतात, कारण डोक्यात दोन्ही विषयांचे कप्पे वेगळे.

म्हणून पहिल्या दिवशी दोनच रचना काढायला लावते: प्रोकेन आणि लिडोकेन. दोन्ही भूल देणारी. प्रोकेनमध्ये एस्टर (ऑक्सिजनमार्गे जोडलेला गट) आहे, रक्तातली एस्टरेज विकरं (एन्झाइम) तो झटपट तोडतात. १९४३ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ लोफग्रेनने बनवलेल्या लिडोकेनमध्ये अमाइड (तसाच, पण नायट्रोजनमार्गे जोडलेला गट). नायट्रोजनची इलेक्ट्रॉनजोडी कार्बोनिलकडे (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनकडे) ओढली जाते, त्यामुळे त्या कार्बनवर पाण्याचा हल्ला अवघड होतो. शिवाय रिंगवर अमाइडच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल, दारात पाय रोवून बसलेले पाहुणेच जणू! इथे कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मग ते शरीरातून जातं कसं?" हा प्रश्न आला की माझं अर्धं काम झालं. मग यकृत, नायट्रोजनवरचा इथाइल गट निघणं, सगळं आपोआप येतं.

पाठांतर मीही करून घेते, पण पीकेएचं, म्हणजे आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं ते सांगणाऱ्या आकड्यांचं; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. कार्बॉक्सिलिक आम्ल ४ ते ५, फिनॉल १०, साध्या अमाइनचं संयुग्मी आम्ल (प्रोटॉन घेतलेलं रूप) १० च्या आसपास. एवढं तोंडपाठ नसेल तर अ‍ॅस्पिरिन जठरात कोणत्या रूपात असतं, प्रोटॉनसह की प्रोटॉन सोडून, हेसुद्धा सांगता येत नाही. आणि आयुपॅक नावं (आंतरराष्ट्रीय नियमांनुसारची संयुगांची नावं)? ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.