एकाच हँडलवर दिशा आणि तोल दोन्ही? गाईड डॉगच्या हार्नेसबद्दल सल्ला हवा

मंदप्रकाश

नमस्कार. लॅब्राडोर कुत्री, वय २ वर्षं, वजन २८ किलो, खांद्यापाशी उंची ५६ सेंमी, छातीचा घेर ७२ सेंमी. मार्गदर्शनाचं, म्हणजे कमी दिसणाऱ्याला वाट दाखवण्याचं, प्रशिक्षण पूर्ण झालंय. हँडल धरणाऱ्याची उंची १६८ सेंमी, नजर फक्त मधोमध थोडी शिल्लक, शिवाय उजवा गुडघा कमजोर असल्याने जिना उतरताना तोल जातो.

सध्याचा हार्नेस (हँडल जोडलेला अंगावरचा पट्ट्यांचा साज) नायलॉनचा आहे, छातीवर आडवा पट्टा. वळताना तो उजवीकडे फिरतो आणि डाव्या-उजव्या दोन्ही कोपरांमागचे केस गेलेत. नवीन घ्यायचाच आहे, तर तीन प्रश्न:

दिशेसाठी आणि आधारासाठी एकच कडक हँडल चालेल का?
चामडं, बायोथेन (प्लॅस्टिकचा लेप दिलेली पट्टी) की नायलॉन?
हँडलची लांबी कशी ठरवायची?

टाकेवाला

आधी केसांचं बघू, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असणार. हार्नेस फिरतो म्हणून पोटपट्टा एक भोक आवळला जातो. आवळला की तो पुढे सरकून काखेत जातो आणि प्रत्येक पावलाला कोपरामागे काचतो. मग केस तुटतात, त्यानंतर कातडी लाल होते. ही चूक इतकी सर्रास होते की फिरणारा हार्नेस दिसला की मी आधी पोटपट्ट्याची भोकं मोजतो.

फिरण्याचं कारण वर, पाठीवर असतं. कुत्री डावीकडे चालते, हात तिच्या उजव्या बाजूला, त्यामुळे हँडलला सतत थोडी वर आणि उजवीकडे ओढ बसते. पाठीवर नुसती अरुंद पट्टी असेल तर तिला अडवायला काही नसतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर टेकणारी रुंद गादी हवी आणि मधोमध, मणक्याच्या वर, बोटभर पोकळी. घोड्याचं खोगीर पाहिलं असेल तर कल्पना येईल. अशी गादी असली की पोटपट्टा दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवूनही हार्नेस जागचा हलत नाही.

पोटपट्टा कोपरापासून निदान तीन बोटं मागे पडला पाहिजे. छातीचा आडवा पट्टा छातीच्या हाडाच्या पुढच्या टोकावर बसायला हवा. वर गेला तर श्वासनलिकेवर येतो, खाली घसरला तर थेट खांद्याच्या सांध्यावर. दुसरा प्रकार जास्त दिसतो. पाय पुढे टाकताना सांधा पट्ट्याला अडतो आणि कुत्रा आखूड पावलं टाकायला शिकतो. तपासणी सोपी: कुत्री उभी असताना पुढचा एक पाय हातात घेऊन हळूच पुढे ताणा. पट्टा हलला किंवा पाय त्यावर अडला तर तो साचा तुमच्या कुत्रीसाठी नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखा पुढचा भाग असलेला हार्नेस इथे बहुतेकदा बरा पडतो, कारण खांदे दोन्ही बाजूंना मोकळे राहतात. अर्थात वायची खालची पट्टी आखूड असेल तर तीच पोटपट्ट्याला पुढे, काखेत खेचते. त्यामुळे छातीच्या हाडाच्या टोकापासून पोटपट्ट्याच्या जागेपर्यंतचं माप वेगळं घ्या. बहुतेक लोक फक्त घेर आणि मान मोजतात.

माप घेताना कुत्री चारही पायांवर सरळ उभी, तोंड समोर. शिंप्याची टेप, तीन वेळा. तुमचं माप बक्कलच्या मधल्या भोकावर येईल असा आकार निवडा. शेवटच्या भोकावर बसणारा हार्नेस दोन किलो वजन वाढलं की बाद.

सावकाश_चला

टाकेवाला यांना अनुमोदन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट द्यायला हवं: नाही, एकच हँडल दोन्हीसाठी वापरू नका.

मार्गदर्शनाचं हँडल बोटांनी धरायचं असतं, मुठीत आवळून नाही. कुत्री थांबली, किंचित डावीकडे वळली, पायरीसमोर हळू झाली, हे सगळं त्या दांड्यातून हाताला कळतं. त्याच दांड्यावर अधूनमधून शरीराचा भार आला की दोन गोष्टी बिघडतात. हाताला बारीक इशारे जाणवेनासे होतात, आणि कुत्रीला वरून येणाऱ्या दाबाचा अर्थ लागेनासा होतो. काही कुत्री दर दाबाला थांबतात, काही दुर्लक्ष करायला शिकतात. दुसरं जास्त धोक्याचं.

शिवाय शरीररचना. उभ्या कुत्र्याचा साधारण ६० टक्के भार मुळात पुढच्या पायांवर असतो. वरून दिलेला आधाराचा भार खांद्यांच्या वर आला तर पुढचे पाय तो थोडा तरी पेलतात. तोच कमरेकडे, बरगड्यांच्या मागे आला तर खाली टेकू देणारं हाडच नाही, सगळा ताण मणक्यावर. गाईड हार्नेसचं हँडल मागे झुकलेलं असतं, म्हणजे दाब दिला की तो तरफेसारखा नेमका चुकीच्या जागी जातो.

तोलासाठी वेगळे हार्नेस असतात: आखूड, ताठ हँडल, खांद्यांच्या अगदी वर. त्यातही सगळं वजन टाकायचं नसतं, क्षणभराची ओढ किंवा हलका टेकू एवढंच. आणि त्याआधी हाडांची वाढ पूर्ण झाल्याची खात्री, नितंब आणि कोपरांचे एक्स-रे, हे पशुवैद्याकडून करून घ्यायला हवं. २८ किलोच्या कुत्रीवर मोठ्या माणसाचा पडता भार घेण्याचा विचारच नको.

तुमच्या बाबतीत एक पेच आहे तो आधीच लक्षात घ्या. आधाराची काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. उजवा गुडघा कमजोर म्हणजे काठी डाव्या हातात, आणि डाव्या हातात तर हँडल. म्हणून जिन्यापुरती वेगळी पद्धत बसवा. कुत्री वरच्या पायरीपाशी थांबली की हँडल तिच्या पाठीवर सोडा, लिश (गळपट्ट्याची दोरी) डाव्या हातात, उजवा हात कठड्यावर. उतरताना आधी दुखरा पाय, मग चांगला. कुत्रीने एकेक पायरी थांबत यायचं, हे तिला वेगळं शिकवावं लागेल. सपाट रस्त्यावरही तोल जात असेल तर कुत्रीला उजव्या बाजूने काम शिकवता येतं, पण ते प्रशिक्षकाबरोबरच. नुसतं हँडल उलटं लावून होत नाही.

चारपावली

हँडलच्या लांबीबद्दल. काम करताना कुत्रीचे खांदे तुमच्या पुढे असावेत आणि तिचा उजवा नितंब साधारण तुमच्या डाव्या पायाशेजारी. त्या जागी तिला उभी करा. डावा हात सैल सोडा, कोपर अगदी थोडं वाकलेलं. हार्नेसवर हँडल जिथे जोडलं जातं तिथून तळहातापर्यंतचं अंतर म्हणजे तुमची लांबी. काम करताना घालता तेच बूट घालून मोजा.

आखूड झालं तर तुमचा खांदा खाली झुकतो, पाय तिच्या मागच्या पंजावर पडतो आणि हार्नेस वर ओढला जाऊन फिरतो (हे तुमच्याकडेही होत असेल). लांब झालं तर वळण उशिरा कळतं आणि कोपऱ्यावर तुम्ही बाहेर फेकले जाता. दोन-तीन सेंमीचा फरकही हाताला जाणवतो, म्हणून लांबी बदलता येणारं हँडल आधी वापरून मगच कायमचं ठरवलेलं बरं.

ओढ किती हवी हे ठरवायला जूनो वॉक करून घ्या. त्यात कुत्र्याऐवजी प्रशिक्षक हार्नेस धरून चालतो आणि मागे तुम्ही हँडल धरता. वेग आणि ओढ तिथे बिनधोक अजमावता येते.

सोडल्यावर हँडल पाठीवर सपाट पडायला हवं, शेपटीच्या मुळाला टेकता कामा नये. सीटखाली कुत्री बसवायची असेल तर एका हाताने काढता येणारं घ्या.

साहित्य म्हणाल तर बायोथेन. पाणी पीत नाही, ओल्या फडक्याने पुसलं की झालं, ताणत नाही.

टाकेवाला

बायोथेनबद्दल अर्धा सहमत. त्याची कापलेली कड नवीन असताना धारदार असते आणि लॅबच्या दाट आतल्या केसांना ती कापते. कडा गोलवलेल्या आहेत का, बोट फिरवून बघा. चामडं अंगाला बसतं तसं दुसरं काही बसत नाही, पण त्याची निगा लागते. भिजलं तर सावलीत वाळवायचं, उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं की तडकतं. पितळी कड्यांपाशी हिरवा चिकट थर जमतो, तो पुसला नाही तर केसांना लागतो. नायलॉनमध्ये बारीक वाळू अडकते आणि पट्टा पॉलिशपेपरसारखा घासतो, तुमच्याकडे तेही झालेलं असू शकतं.

काहीही घ्या, पण भार येणाऱ्या जागी प्लॅस्टिकचं बक्कल नको. कचरा अडकून बक्कलचे दात तडकतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

मंदप्रकाश

सगळ्यांचे आभार. म्हणजे मार्गदर्शनासाठीच हार्नेस घेते, जिन्याची पद्धत वेगळी. नवीन हार्नेस नीट बसला हे वापरून कसं तपासायचं?

चारपावली

२० मिनिटं चालवा, काढा आणि लगेच केसांच्या उलट दिशेने हात फिरवा: काख, छातीचं हाड, पाठीवरच्या गादीची जागा. केस एका ठिकाणी मोडलेले किंवा कातडी गरम लागली तर तिथे दाब येतोय. मग दुसऱ्या कुणाला बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा, एकदा हार्नेससह, एकदा नुसत्या गळपट्ट्यावर, वेग तोच. पुढचं पाऊल आखूड पडतं का, अंग तिरकं ठेवून चालते का, बघा. हार्नेस हातात घेतल्यावर ती मान काढून घेत असेल तर तेही उत्तरच.

मंदप्रकाश

चित्रीकरणात हँडल प्रशिक्षकाने धरलं तर चालेल?

चारपावली

नको, तुम्हीच धरा. उंची आणि हाताची ओढ बदलली की हार्नेस वेगळा बसतो, आणि दिसेल ती प्रशिक्षकाबरोबरची चाल.