व्हायरस काढला, आता चालू करताना 'रनडीएलएल'ची एरर येते

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)
विंडोज १०, रॅम ४ जीबी. डिफेंडरच्या (विंडोजमधला अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅनमध्ये दोन ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेषातले व्हायरस) निघाले, काढले. आता मशीन चालू झालं की रनडीएलएलची 'मॉड्यूल सापडलं नाही' अशी खिडकी येते. ब्राउझरवर एकही साइट उघडत नाही, पिंग (दुसऱ्या मशीनकडून उत्तर येतं का याची चाचणी) मात्र लागतो. फॉरमॅट मारावा का?

राजारामपुरीकर
फॉरमॅट नको. डिफेंडरनं व्हायरसची डीएलएल (प्रोग्रामच्या कोडची फाइल) उडवली, पण मशीन चालू होताना रनडीएलएलकरवी तिला बोलावणारी नोंद तशीच राहिलीय. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं टूल) अॅडमिन म्हणून चालवा. फाइल नसलेल्या नोंदी पिवळ्या दिसतात. एररमधलं फाइलचं नाव जुळवा आणि फक्त त्या ओळीची टिक काढा. डिलीट नको, चुकलं तर टिक परत लावता येते. त्यातल्या लॉगऑन टॅबमध्ये नसेल तर शेड्यूल्ड टास्क्सचा टॅब बघा, तिथं हमखास दडलेली असते.

रंकाळ्याकाठचा
पिंग लागतो म्हणजे लाइन ठीक आहे. बहुतेक प्रॉक्सी (ब्राउझरचं नेट मध्यस्थामार्फत वळवणारी सेटिंग) अडकलीय. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथं १२७.०.०.१ (आपल्याच मशीनचा पत्ता) दिसलं तर प्रॉक्सी बंद करा. आपोआप परत चालू झाली तर संसर्ग अजून आहे, पुन्हा स्कॅन करा.

राजारामपुरीकर
बरोबर. नेट आलं की विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड चालवा: आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. क्रम उलटा नको: एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलतं, तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं. टक्का मध्येच बराच वेळ अडकतो, तेव्हा मशीन बंद करू नका.
आणि ट्रोजन होता, तर बँकेचे नि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून आजच बदला.